बोटभर आखूड पाय

४ जून

ती. काकूंना,
सा. नमस्कार.

माझं पत्र बघून तुम्हाला आश्चर्य वाटलं असेल. फोनच करणार होते, पण मागच्या वेळी तुम्हीच म्हणालात, "फोनवर तू घाईत असतेस. काय हवंय ते कागदावर लिही, म्हणजे मला दोनदा वाचता येईल." म्हणून लिहिते.

आमच्या संग्रहालयात ऑगस्टमध्ये रोजच्या वापरातल्या वस्तूंचं प्रदर्शन भरतंय. किटल्या, घड्याळं, दिव्यांची बटणं, शाळेतली बाकं. कुणीतरी डोकं लावून आखलेल्या आणि आपण डोकं न लावता वापरतो अशा वस्तू. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या प्रदर्शनांच्या पाट्या लिहिल्या. हे पहिलं प्रदर्शन माझ्या एकटीच्या हातात दिलंय. त्याचं नाव मी "समतोल" ठेवलंय, आणि त्याच्या मधोमध मला काकांची कमान खुर्ची ठेवायची आहे.

कारखान्यातून निघालेल्या कमान खुर्च्या हव्या तितक्या मिळतात. वाचनालयात, कोर्टात, दातांच्या डॉक्टरांकडे, सगळीकडे त्याच आहेत. एका हातापासून निघून पाठीमागून वळत दुसऱ्या हाताशी येणारी ती अखंड कमान सगळ्यांच्या ओळखीची आहे. ती कुणी आखली हे मात्र कुणाला ठाऊक नाही. कारखान्याने बैठकीखाली स्वतःचा शिक्का मारला आणि काका गेले तेव्हा पेपरात दोन ओळीसुद्धा आल्या नाहीत. मला ते बदलायचंय. त्यासाठी कारखान्यातली खुर्ची चालणार नाही. काकांनी स्वतःच्या हाताने बनवलेली पहिली हवी, तुमच्या खिडकीजवळची.

तिच्यावर बसायची आम्हा मुलांना बंदी होती. मी एकदा चोरून बसले होते. एका बाजूला घसरल्यासारखं झालं, तेवढ्यात तुम्ही आलात आणि मी पळाले. अजून आठवतं.

आमची माणसं येऊन खुर्ची नेतील. विमा आम्ही उतरवू. सप्टेंबरअखेर खुर्ची तुमच्या घरी परत. तोवर कारखान्याची एक नवी कोरी कमान तुमच्याकडे पाठवते, म्हणजे तुमची गैरसोय होणार नाही.

तुमची,
बारकी


१२ जून

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. माझी गैरसोय होणार नाही हे तूच ठरवून टाकलंस, बरं झालं. माझं तेवढं काम वाचलं.

मला दुसऱ्या कुठल्याही खुर्चीत बसता येत नाही. का, ते विचारू नकोस. तुझ्या आईने आणि आत्याने माझं नाव राणीसरकार ठेवलं होतं. मला ते माहीत नाही अशी त्यांची समजूत होती. कुणाच्या घरी गेले की मी उभ्या उभ्या चार शब्द बोलून निघायचे, तर मागून ऐकू यायचं, "राणीसरकारांना आपल्या खुर्च्या चालत नाहीत." खरंच चालत नव्हत्या.

तरी खुर्ची देते. कारण सांगते. शेवटच्या आजारपणात यांना दवाखान्यात बाहेर बसवलं होतं. ओळीने चार कमान खुर्च्या होत्या. शेजारच्या रिकाम्या खुर्चीच्या हातावरून यांनी बोट फिरवलं आणि म्हणाले, "पॉलिश वाईट दिलंय." पलीकडचा माणूस म्हणाला, "आजोबा, हात लावू नका, तिचा सांधा ढिला आहे." यांनी हात काढून घेतला. ही खुर्ची माझी आहे, असं म्हणाले नाहीत. मीही म्हणाले नाही. म्हणून त्यांचं नाव एकदा कुठल्या तरी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लागावं असं मला वाटतं. तुझ्यासाठी देत नाही, हे स्पष्ट लिहिते.

अट एकच. जशी न्याल तशी आणायची. घासायची नाही, ठोकायची नाही, सुधारायची तर मुळीच नाही. आणि सप्टेंबरअखेर म्हणजे सप्टेंबरअखेर. त्यानंतर थंडी सुरू होते आणि थंडीत मला फार वेळ उभं राहवत नाही.

काकू


३ जुलै

ती. काकूंना,
सा. नमस्कार.

खुर्ची सुखरूप पोचली. आमची दोघं माणसं सांगत होती की ती जिन्यातून उतरेपर्यंत तुम्ही कठड्याशी उभ्या होतात आणि त्यांना "डावीकडून धर, डावीकडून" असं सांगत होतात. त्यांतला एक म्हणाला, "ताई, तुमच्या काकू आमच्या साहेबांपेक्षा कडक आहेत."

पेटी उघडली तेव्हा अख्खं ऑफिस जमलं होतं. हातमोजे घालून खुर्ची बाहेर काढली, टेबलावर ठेवली आणि सगळे वाकून बघायला लागले. काकू, ती फार दमली आहे हो. एक पाय झिजून आखूड झालाय, एक हात खाली उतरलाय, बैठकीखाली कुणीतरी नंतर एक पट्टी ठोकली आहे, आणि बोटाने ढकललं तरी डुगडुगते. आमच्याकडे जुन्या वस्तूंची दुरुस्ती करणारे जे गृहस्थ आहेत ना, पांढरा कोट घालतात म्हणून आम्ही त्यांना डॉक्टर म्हणतो, ते तिच्याभोवती दोनदा फिरले आणि म्हणाले, "म्हातारीला जरा आधार द्यावा लागेल." हलकीशी डागडुजी. तुम्ही काळजी करू नका, त्यांचा हात फार नाजूक आहे.

नवी कमान आवडली का? मुद्दाम काळी निवडली, तुमच्या पडद्यांना शोभेल म्हणून.

तुमची,
बारकी


१० जुलै

चि. बारकीस,
आशीर्वाद.

हे पत्र स्वयंपाकघरातल्या ओट्यावर कागद ठेवून उभ्याने लिहिते आहे, म्हणून अक्षर असं आलंय. ओट्याची उंची लिहायला बरी आहे. आता जेवणही इथेच करते. नव्या खुर्चीवर टॉवेल वाळत घालते, त्या कामाला ती चांगली आहे.

डागडुजी हा शब्द मला आवडला नाही. तुमच्या डॉक्टरांना सांग, म्हातारीला आधार नको आहे. कुठलाही पाय झिजलेला नाही. पट्टी कुणीतरी ठोकलेली नाही, यांनीच बसवलेली आहे. खुर्ची डुगडुगते ती रिकामी असते तेव्हा. मी बसले की डुगडुगत नाही. एवढं लिहिलं ते पुरे आहे, याच्या पलीकडे मी सांगणार नाही.

तिला हात लावू नका.

काकू


२० ऑगस्ट

ती. काकूंना,
सा. नमस्कार.

उत्तराला उशीर झाला, रागावू नका. उद्घाटनाच्या आधीचे दिवस कसे गेले ते मलाच कळलं नाही. दिव्यांची माणसं वेगळी, भिंती रंगवणारी वेगळी, आणि एकमेकांशी कुणाचंच पटत नाही. मी दोघांच्या मध्ये.

पण काकू, तुम्ही बघायला हवं होतं. दालनात शिरलं की समोर पांढरा चौथरा, त्यावर एकटी काकांची खुर्ची, वरून एकच दिवा. कमानीची सावली मागच्या भिंतीवर पडते आणि त्या सावलीच्या वर काकांचं नाव. माझ्या हाताच्या लांबीएवढी अक्षरं आहेत. लोक आत येतात आणि आवाज खाली आणतात. एका पेपरने लिहिलं, "इतकी साधी वस्तू इतकी शांत कशी असू शकते, याचं उत्तर या खुर्चीत आहे." संचालकांनी ते कापून आपल्या दारावर लावलंय. तीन दिवसांपूर्वी मला लिफ्टमध्ये म्हणाले, "आता तुम्हाला मोठी दालनं द्यायला हवीत." लिफ्टमध्ये म्हणाले, म्हणजे पक्कं नाही, पण म्हणाले.

सोबत फोटो पाठवते आहे.

आणखी एक. प्रदर्शन इतकं चाललंय की आणखी दोन शहरांतून बोलावणं आलंय. म्हणजे खुर्ची सप्टेंबरऐवजी मार्चमध्ये परत येईल. तुम्हाला विचारायला हवं होतं, पण त्यांना उत्तर त्याच दिवशी द्यायचं होतं. काकांचं नाव आणखी दोन शहरांत लागणार म्हटल्यावर तुम्ही नाही म्हणणार नाही, असं धरून मी होकार दिला.

तुमची,
बारकी


२९ ऑगस्ट

बारके,

फोटो खिडकीत नेऊन पाहिला, मग चष्मा पुसून पाहिला. खुर्ची सरळ उभी आहे.

आता तुला सांगते. सांगायचं नव्हतं.

मी लहान असताना जिन्यावरून पडले. कमरेचं हाड नीट बसवलं गेलं नाही आणि उजवी बाजू आखडली. चालताना कळत नाही, कारण मी सावकाश चालते आणि लोकांना वाटतं, तोऱ्यात चालते. बसल्यावर कळतं. सरळ बैठकीवर जरा वेळ बसले की पाय बधिर होतो आणि पाठीतून अशी कळ जाते की समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही. लग्नाआधी आमच्या घरच्यांनी हे सांगितलं नव्हतं. यांना पहिल्याच आठवड्यात समजलं. मला वाटलं, आता परत पाठवतील. हे म्हणाले, "तुला सरळ करण्यापेक्षा खुर्ची वाकडी करणं सोपं आहे," आणि लाकूड आणायला गेले.

पुढचा डावा पाय बोटभर आखूड. बैठकीखाली उजवीकडे पट्टी. डावा हात उजव्याहून खाली. बैठकीतला खळगा मधोमध नाही, एका कडेला. माझं वजन डावीकडे पडतं, ते पडलं की खुर्ची हलायची थांबायची आणि मी माणसासारखी बसायचे. दर थंडीत हाड कुरकुरायचं आणि माझी बसण्याची ढब थोडी बदलायची. मग हे मला बसवायचे, समोर उकिडवे बसून खालून बघायचे. "ऊठ." रंधा फिरवायचा. "बस." पुन्हा बघायचे. आमचं लग्न म्हणजे बरंचसं हेच होतं. शेवटच्या थंडीत त्यांचा हात थरथरायला लागला, तेव्हा त्यांनी सांगितलं आणि ती पट्टी मी घासली.

कारखान्यासाठी तिची नक्कल काढली तेव्हा त्यांनीच सगळं सरळ केलं. सगळ्या जगाला माझी कंबर कशाला, म्हणाले. म्हणजे तुझ्या चौथऱ्यावर आज जी आहे, तिच्यात आणि माझ्या टॉवेलवाल्या खुर्चीत फरक उरला तो पॉलिशचा.

मी आधीच सांगितलं असतं तर ती वाचली असती, हे मला कळतं. पण जन्मभर जे झाकलं ते तुझ्या ऑफिसच्या कागदावर कसं उघडं करायचं? राणीसरकार म्हटलेलं मला चाललं. लंगडी म्हटलेलं चाललं नसतं.

आता डॉक्टरांना सांग, जे चिकटवलंय ते काढा, जे काढलंय ते लावा आणि खुर्ची पाठवा. मार्चमध्ये नाही, आत्ता. आणि हे पत्र तुझ्यासाठी आहे. कुणाला दाखवायचं नाही.

काकू


२५ सप्टेंबर

ती. काकूंना,
सा. नमस्कार.

तुमचं पत्र ऑफिसात उघडलं ही माझी चूक झाली. सगळ्यांसमोर रडू आलं. इतकी वर्षं आम्ही सगळे तुम्हाला काय समजत होतो. आईला सांगितलं तर ती उठून आत गेली.

डॉक्टरांशी बोलले. पायाला जोडलेला तुकडा निघेल. पट्टी त्यांनी टाकलेली नाही, जपून ठेवली आहे. पण हाताचा सांधा उघडून नव्याने कापलाय, आणि बैठकीतला खळगा भरून घेतलाय. ते भरण काढताना त्याबरोबर लाकूडही निघेल. आधी काढलेले फोटो आहेत, पण फोटोवरून उतार सापडत नाही. ते म्हणाले, "जवळजवळ पहिल्यासारखी करता येईल." जवळजवळ म्हणजे किती, असं विचारलं तर त्यांनी खांदे उडवले.

आणि खुर्ची आत्ता काढायची तर संचालकांना कारण सांगावं लागणार. काय सांगणार होते मी? पत्र दाखवावं लागलं. तुम्ही नको म्हणाला होतात, मला आठवत होतं. पण दुसरं काही सांगितलं असतं तर त्यांना पटलं नसतं.

त्यांनी सगळं पत्र वाचलं. मग म्हणाले, "हे भिंतीवर हवं."

काकू, आधी पूर्ण ऐका. मी नाहीच म्हणाले होते. पण मग वाटलं, खरं तेच लोकांना कळलं तर काय वाईट? तुमचं नाव कुठेही नाही. नव्या पाटीवर एवढंच आहे की ही खुर्ची त्याने आपल्या पत्नीच्या आखडलेल्या कमरेसाठी बनवली आणि आयुष्यभर तिच्या मापाने बदलत ठेवली. "तुला सरळ करण्यापेक्षा खुर्ची वाकडी करणं सोपं आहे" हे काकांचं वाक्य मोठ्या अक्षरांत घेतलंय. पट्टी काचेच्या पेटीत शेजारी ठेवली आहे. लोक ते वाचून डोळे पुसतात. खरंच सांगते, "समतोल" या नावाला आत्ता कुठे अर्थ आला.

खुर्ची पूर्ववत करण्याबद्दल संचालकांचं म्हणणं असं की आता जे बदल झाले तेही तिच्या इतिहासाचा भाग आहेत आणि त्यांत पुन्हा हात घालणं योग्य नाही. शिवाय इथलं प्रदर्शन ऑक्टोबरअखेरपर्यंत वाढवलंय आणि पुढच्या दोन्ही शहरांच्या पुस्तिका छापून झाल्या आहेत, मुखपृष्ठावर तीच आहे. ती निघाली तर प्रदर्शनच निघालं, आणि त्याबरोबर मीही.

पण तुम्हाला वाऱ्यावर सोडणार नाही. माझ्या ओळखीचा एक तरुण डिझायनर तुमच्याकडे येऊन मापं घेईल आणि तुमच्यासाठी नवी खुर्ची बनवून देईल. आमचा खर्च. ते करताना थोडं चित्रीकरण करू दिलंत तर पुढच्या शहरात दाखवता येईल. चेहरा दाखवणार नाही.

तुमच्याकडे कमरेचा जुना एक्स-रे आहे का? संचालक विचारत होते.

तुमची,
बारकी


२० ऑक्टोबर

चि. बारकीस,

एक्स-रे नाही. असता तरी दिला नसता. डिझायनरला पाठवू नकोस, मी दार उघडणार नाही. त्याचा दोष नाही म्हणा. खालून बघायला माणूस लागतो, मापं घ्यायला कुणीही येईल.

मंगळवारी येऊन प्रदर्शन बघून गेले. तुला कळवलं नव्हतं. तू पुढच्या शहरात गेल्याचं दारावर समजलं, ते बरंच झालं. गाडीत सबंध रस्ता दांडीला धरून उभी होते. एका मुलीने उठून जागा दिली, मी नको म्हटलं.

त्यांचं नाव वाचलं. अक्षरं मोठी आहेत, रंग चांगला आहे. मी खुर्ची त्यासाठी दिली होती, तेवढं तू केलंस. ते मी विसरणार नाही, बाकीचंही विसरणार नाही.

मी पोचले तेव्हा शाळेची मुलं आली होती. तुमची गाईड त्यांना पाटी वाचून दाखवत होती. मग म्हणाली, "आता नीट बघा आणि सांगा, या खुर्चीत वाकडं काय आहे?" मुलं चौथऱ्याभोवती फिरली. एक मुलगी गुडघ्यावर बसून खालून बघत होती, अगदी हे बघायचे तशी. म्हणाली, "बाई, ही सरळच आहे."

"आधी वाकडी होती."

"मग सरळ का केली?"

गाईड म्हणाली, "चला, पुढे किटल्या आहेत."

खुर्ची परत पाठवू नकोस. ती माझी नाही, आणि इथे टॉवेलांना एक आहे. काचेच्या पेटीतली पट्टी मात्र पाठव. ती मी घासली होती. तिच्या जागी दुसरी कुठलीही ठेवलीस तरी बघणाऱ्यांना चालेल.

मुलं गेल्यावर मी थोडा वेळ तिथेच थांबले. दालनाच्या कोपऱ्यात तुमचा राखणदार बसलेला असतो, तो कमान खुर्चीतच बसतो, कारखान्याच्या. मला भिंतीला हात लावून उभी बघून तो उठला. चांगला मुलगा आहे. खुर्ची उचलून माझ्याजवळ आणली आणि म्हणाला, "बसा आजी. ही पण तीच आहे, फक्त हिच्यावर बसता येतं."

मी म्हटलं, "नको, मी उभीच बरी."

त्याने खुर्ची परत नेली. मी दारापाशी पोचले तेव्हा तो दुसऱ्याला सांगत होता, हळू आवाजात, पण दालन तुम्ही शांत ठेवलंय, त्यामुळे सगळं ऐकू आलं. "एवढी उचलून आणली तर बसली नाही. काय तोरा आहे बघ म्हातारीला."

तुझी पाटी त्याच्या डोक्यावरच होती.

काकू